न वाजणारा डबा

"सासू नाई, सासरा नाई, दीर नाई, भरतार नाई. मंग हे भुलाबाईचं गाणं झालं कसं वं?"

कुंदामावशी हे आईला म्हणाल्या, आणि तेही इतक्या हळू की अंगणात मुली असत्या तर मला ऐकूच आलं नसतं. पण मुली खिरापत खाऊन घरोघर पांगल्या होत्या. मी मावशींच्या अंगणात, ज्वारीच्या धांड्यांनी बांधलेल्या मांडवाच्या मागे उकिडवी बसून टिपऱ्या गोळा करत होते. त्या दोघी पुढच्या पायरीवर बसल्या होत्या. आमच्या मधे पाच धांडे, झेंडूची एक माळ आणि पाटावर शेजारी शेजारी बसवलेले मातीचे भुलोजी-भुलाबाई, एवढंच.  आईच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिने पदर सारखा केला असणार. मग ती म्हणाली, "जुनं आहे ते, कुंदाबाई. आमच्या वडनेरचं. माही माय म्हणे."

"असन," मावशी म्हणाल्या. "जुनं असन तं बरंच आहे. पण मी सहा वर्षाची होतो तवापासून म्हणून राह्यली. बाईनं बाईसाठी म्हटलेलं गाणं पयल्यांदा ऐकलं." आणि वर म्हणाल्या, "गोड आहे पण."

टिपऱ्या छातीशी धरून मी तशीच बसून राहिले. गाणं जुनं नव्हतं. वडनेरचंही नव्हतं. वडनेरची आजी जाऊन चार वर्षं झाली होती आणि गाणं मी जेमतेम महिन्याभरापूर्वी लिहिलं होतं. आजीचं म्हणून सांगणारी मीच होते. पण ते मुलींना सांगितलं होतं, आई तिथे नसताना. वडनेरची सगळी गाणी आईला पाठ होती. हे त्यांतलं नाही, हे तिला पहिल्या ओळीलाच कळलं असणार. तरी तिने माझं खोटं उचललं, पदराने पुसलं आणि आपलं म्हणून मावशींपुढे ठेवलं. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं असं, की कोणीतरी माझ्या हातातून काहीतरी अलगद काढून घेतलं आणि मेलेल्या माणसाच्या ट्रंकेत ठेवून दिलं.

आमच्या पुलगावच्या त्या गल्लीत पाऊस सरत आला की महिनाभर दिवेलागणीला भुलाबाई असायची. आज या घरी, उद्या त्या घरी. मुली फेर धरून गाणी म्हणायच्या, मोठ्या बायका भिंतीला टेकून त्यांत आवाज मिसळायच्या, आणि शेवटी त्या घरची मुलगी झाकलेला डबा घेऊन यायची. आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? डबा कानाशी हलवून पाहायचा. फुटाणे पावसासारखे वाजतात, शंकरपाळे खडखडतात, लाह्या नुसत्या कुजबुजतात. कोणालाच ओळखता आलं नाही तर सगळ्यांनी "हरलो" म्हणायचं, आणि मग त्या घरच्या मुलीने आपल्या तोंडाने नाव सांगायचं. नाव सांगितल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हा कायदा होता. आधी नाव, मग झाकण.

आमच्या घरचा डबा वाजत नसे. ही आईची ख्याती होती. ती दर वर्षी काहीतरी वेगळं करायची, कधी खव्याच्या साटोऱ्या, कधी अनारसे, एकेक नग मऊ धुवट कापडाच्या तुकड्यात गुंडाळायची, कडेच्या फटी कापसाने भरायची आणि मग डबा माझ्या हातात द्यायची. मुली हलवून हलवून दमायच्या. "रिकामाच आहे वं, मेघीताई," असं म्हणायच्या. आणि मी, शाळेत वर्गात हात वर करायला घाबरणारी मी, अंगणाच्या मधोमध उभी राहून दर वर्षी फक्त नाव सांगायचे, "साटोरी," नाहीतर "अनारसे." वर्षातून एकदा, एक शब्द, सगळ्या गल्लीसमोर. तेवढं मला जमायचं.

ते घरच न वाजणारं होतं. बाबा डेपोत कारकून. दारूगोळ्याच्या डेपोतलं डेपोतच ठेवायचं, घरी आणायचं नाही, ही त्यांच्या नोकरीची शिस्त हळूहळू जेवणाच्या ताटापर्यंत आली होती. ते जेवताना फक्त "मीठ" किंवा "पुरे" म्हणायचे. रागाने नव्हे, त्यांना तेवढेच शब्द लागायचे. आईचं शिलाई मशीन चालायचं, लांबून मालगाडी जायची तेव्हा मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना टेकून किणकिणायच्या आणि गाडी गेल्यावरही थोडा वेळ तशाच कापत राहायच्या. अजून कधी कुठे वाटीला वाटी लागली की मला तूरडाळीच्या वरणाचा वास येतो.

डेपोतल्या साहेबांची मुलं ज्या इंग्रजी शाळेत जायची, तिथेच बाबांनी मला घातलं. तिथे मराठी बोललं की फळा पुसायची शिक्षा असे. मी फळा फारसा पुसला नाही, कारण मी बोलतच नव्हते. घरी पुस्तकी मराठी, शाळेत पुस्तकी इंग्रजी. आई बोलायची ती वऱ्हाडी मला सगळी कळायची, पण माझ्या तोंडात यायची नाही. कुंदामावशी मला "पुस्तकातली पोट्टी" म्हणायच्या. कविता लिहायला लागले तीही इंग्रजीत, वहीच्या मागच्या पानांवर, आणि जिच्यासाठी लिहायचे तिला कायम "यू" म्हणायचे. इंग्रजीतला तो शब्द फार सोयीचा. त्याच्यामागे कोणीही उभं राहू शकतं.

वर्ध्याला कॉलेजात गेल्यावर मला ती खोली सापडली. स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने चढून जायचं. रविवारी दुपारी तिथे पाच-सहा जण जमायचे, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं घरी एक आयुष्य होतं आणि तिथे दुसरं. कोणी कविता आणायचं, कोणी फोटो. सगळं मिळून हाताने एक अंक करायचा, खाली नेऊन त्याच्या झेरॉक्स काढायच्या आणि सुईदोऱ्याने शिवायचा. अंकाचं नाव 'बिनओळी'. खोली नीलूदीदीची होती. त्या लग्नघरांच्या भिंती रंगवायच्या. आमच्याकडे लग्न निघालं की घराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं मोठ्या अक्षरांत काढतात, ती नावं. जन्मल्यावर घरच्यांनी त्यांना मुलग्याचं नाव ठेवलं होतं. ते नाव मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा ब्रश धुताना त्या म्हणाल्या होत्या, "मी आपलं नाव पयले ह्या दरवाज्यावर लेहलं, नीलू म्हणून. लोकं चिडवत होते. दोन सालानं मंग दूधवाला बी नीलूदीदी म्हणाले लागला. लेहलेलं नाव लोकं वाचतात, बेटा. वाचता वाचता आदत होते."

रेवतीही तिथलीच. ती कारंज्याची, हायवेवर तिच्या वडिलांचा ढाबा होता. चित्रं ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. ढाब्यावर ट्रक थांबायचे, आणि शेजारच्या झाडाखाली एक म्हातारा रंगारी त्यांच्या मागच्या फळ्यांवर कमळं, मोर आणि समोरासमोर बसलेली पाखरं काढायचा. रेवती त्याला चहा नेऊन द्यायची आणि तिथेच बसून राहायची. तिच्या सगळ्या चित्रांना त्यामुळे ट्रकच्या पाठीसारखी जाड, धीट किनार असे. ती बोलायचीही तशीच. मी माझी एक इंग्रजी कविता खोलीत वाचून दाखवली, म्हणजे वही तिच्यापुढे सरकवली, तेव्हा तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "चांगली आहे. पण यात बर्फ पडून राह्यला. वर्ध्यात बर्फ फक्त रसवंतीवर असते, बाई."

सगळे हसले. मीही हसले, आणि परतीच्या गाडीत खिडकीशी बसून थोडी रडले. बाहेर कापसाची वावरं मागे जात होती. बोंडं अजून फुटायची होती. मला असं काय येत होतं, जे इथलं होतं? पुस्तकाबाहेरचं, शाळेने न पुसलेलं? मग आठवलं की मला पस्तीस-चाळीस गाणी पाठ आहेत आणि ती सगळी भुलाबाईची आहेत. पुलगाव यायच्या आत तिकिटाच्या मागे मी पहिल्या ओळी लिहिल्या:

सई माझी गेली पाण्याले,
पाणी थांबलं येण्याले,
पाण्यात पाह्यला चेहरा.
कोणाचा, कोणाचा?
सांगत नाई, जाय घरा.

दुसरं कडवं वावराचं झालं, तिसरं हायवेचं. हायवेवर सई झाडाखाली बसते आणि दोन पाखरं काढते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच प्रश्न आणि तीच टाळाटाळ. पुढच्या रविवारी रेवतीने ते वाचलं. या वेळी ती हसली नाही. तिने कागद उलटा करून मागे चित्र काढायला घेतलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. तिच्या कानामागे निळ्या रंगाचा एक ठिपका होता. तो पुसायला मी हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. "पूस ना," ती खाली बघतच म्हणाली. त्या दुपारबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही. खिडकीतून रेल्वेची घोषणा येत होती, खाली झेरॉक्सचं यंत्र उजेडाची पट्टी इकडून तिकडे नेत होतं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी एका जागी आहे, सगळीच्या सगळी.

गाणं अंकात जायचं ठरलं, रेवतीच्या चित्रासह. चित्राखाली तिने जाड अक्षरांत आपलं पूर्ण नाव घातलं. माझ्या गाण्याखालची जागा मात्र रिकामी राहिली. नीलूदीदी म्हणाल्या, "अनामिक लेहायचं तं तसं लेहू. पण तू सांग. दुसऱ्याच्या नावाचं मी आपल्या मनानं नाई लेहत." कोजागिरीनंतरच्या रविवारी अंक शिवायचा होता. जिन्यावरून उतरताना रेवतीने माझी ओढणी मागून धरली. "तुह्या नावाचं तू पाह्य," ती म्हणाली. "माह्यं नाव कोणी विचारलं तं सांगून टाकजो. मी भेत नाई. म्हणशील तं ट्रकच्या मागं बी लेहून देतो."

आणि मग मी माझी चूक केली. चूक अशी, की ती फक्त माझ्यासारखीच करू शकते, गाणी पाठ असलेली पण त्यांतल्या संसाराकडे कधी नीट न पाहिलेली. एका संध्याकाळी फेर धरलेल्या मुलींची गाणी संपली आणि शेजारची चिमुरडी माझा हात ओढून म्हणाली, "मेघीताई, एक नवीन सांग ना." मी सांगितलं. चाल सोपी होती, "कोणाचा, कोणाचा" ला टिपऱ्या आपोआप जोरात पडायच्या. कुठलं गाणं, असं विचारल्यावर मी वडनेरच्या आजीचं नाव पुढे केलं. तीन दिवसांत सगळी गल्ली ते म्हणायला लागली. पण भुलाबाईच्या गाण्यात सासर असतंच. सासूने सोडलेली सून असते, रुसलेली वहिनी असते, न्यायला आलेला भरतार असतो. माझ्या गाण्यात सई होती आणि सईला बघणारी सई. सासर घालायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलींना ते जाणवलं नाही. साठ वर्षं गाणी म्हणणाऱ्या कुंदामावशींच्या जिभेला मात्र तो खडा लागलाच.

आता सांगायला हरकत नाही: मध्यंतरी दसऱ्याच्या सुमारास आर्वीला गेले होते, तिथे अंगणात मुली माझंच गाणं म्हणत होत्या आणि त्याला एक चौथं कडवं लागलेलं होतं. त्यात एक सासू होती, चांगली खाष्ट. गाणं हिंडत हिंडत गेलं आणि त्याने आपलं सासर शोधून घेतलं. मी भिंतीला टेकून ते पूर्ण ऐकलं. वाईट वाटलं नाही. पण पहिली तीन कडवी मी मोठ्या आवाजात म्हटली.

मावशींच्या अंगणातल्या त्या संध्याकाळी मात्र माझा आवाज कुठेच नव्हता. मी टिपऱ्या घेऊन मांडवाच्या मागून पुढे आले तेव्हा मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मावशींची एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. गल्लीत म्हटलं जाणारं प्रत्येक गाणं त्या तिच्यात उतरवून ठेवायच्या, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ते कोणाकडून आलं त्या बाईचं नाव. "उद्या तुमच्या घरी आहे ना भुलाबाई?" त्या म्हणाल्या. "दुपारून येतो वही घेऊन. गाणं लेहून घेतो. तुह्या आजीचं नाव बी सांगजो, वर लेहाले लागते."

घरी जाताना आई दोन पावलं पुढे चालत होती. आमचं घर वीसच पावलांवर होतं, पण ती पावलं मला अजून आठवतात. कोणाच्या तरी चुलीवर मिरची भाजत होती आणि आम्ही दोघी आळीपाळीने खोकत होतो. आजीचं नाव त्या वहीत गेलं की सगळं मिटणार होतं. कोणी काही विचारणार नव्हतं, बाबांच्या ताटाशी काही येणार नव्हतं. आणि 'बिनओळी'त अनामिक. एक गाणं, त्याला दोन जागी दोन नावं, आणि दोन्ही माझी नव्हेत. पुढेही प्रत्येक वेळी मी असंच करणार हे मला त्या वीस पावलांत अगदी स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात खाली बसलो. आई खव्याचं सारण भरून साटोऱ्या लाटत होती, मी तळत होते. वेलदोड्याचा वास होता, आणि तुपाला कढ आल्याचा तो बारीक, लांबून बोलल्यासारखा आवाज. बाबा ड्यूटीवर होते. साटोऱ्या निवल्यावर तिने नेहमीप्रमाणे एकेक कापडात गुंडाळून डब्यात रचली, कडेने कापूस भरला, झाकण लावलं आणि डबा कानाशी नेऊन हलवला. काहीच वाजलं नाही.

"माह्या हातची खिरापत आजवर कोणी ओळखली नाई," ती म्हणाली. डबा तिने आमच्या दोघींच्या मधे ठेवला. "पण एक खिरापत मलेच ओळखू येऊन नाई राह्यली. इचारू का?"

मी झारा कढईच्या कडेला टेकवला आणि मान डोलावली.

"गोड का तिखट?"

ती डब्याबद्दल बोलत नाही हे कळायला मला एक क्षण लागला. "गोड," मी म्हटलं. मग, खोटं नको म्हणून, "थोडी तिखट."

"इथली का बाहेरची?"

"बाहेरची."

"पोट्टा नाई."

हा प्रश्न नव्हता. मी नाही अशी मान हलवली. आईने लाटणं उचललं, त्याला चिकटलेलं पीठ नखाने खरवडलं, परत ठेवलं. मांडणीवरच्या वाट्या किणकिणायला लागल्या. गाडी येत होती. ती गेली, आणि आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या वहीतून एकदा पडलेला रेवतीच्या पाखरांचा कागद तिनेच उचलून दिला होता, चित्राखालच्या जाड अक्षरांतल्या नावासकट. तिने ओळखलं होतं. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या आणि त्या तुपाच्या धुराने नव्हत्या.

"तुह्या बाबांले काय सांगायचं ते मले नाई माहीत," ती म्हणाली. "लोकांले तं अजिबात नाई माहीत. काल म्यानं आपल्या मेलेल्या मायवर खोटं घातलं. रातभर तिचंच तोंड दिसलं." मग तिने डबा माझ्या बाजूला सरकवला. "हरली मी. आता तू सांग."

मला नाव येत होतं. ते जिभेच्या टोकाशी आलं होतं. तेवढ्यात मागच्या दाराशी चपला काढल्याचा आवाज आला आणि कुंदामावशी आत आल्या, काखेत लाल वही, कानाला पेन अडकवलेलं. "का वास सुटला वं," म्हणत त्या पाटावर बसल्या, चष्मा लावला आणि कोरं पान उघडलं. "हं. सांग, पुस्तकातली पोट्टी. पयले नाव. कोणाकडून आलं लेहू? काय नाव होतं तुह्या आजीचं?"

मी आईकडे पाहिलं. आजीचं नाव तिला सांगता आलं असतं, दोन अक्षरांचं तर नाव. तिने ओठ मिटून घेतले होते आणि तळहात डब्याच्या झाकणावर ठेवला होता, जसा ती अंगणात ठेवायची, कोणी पोर घाई करून आधीच झाकण काढायला लागलं की.

"लेहा, मावशी," मी म्हटलं. "आजीचं नाई. गाणं माह्यं आहे, मेघनाचं. अन् त्यातली सई कारंज्याची रेवती आहे."